आलोच म्हणायचं नाही

खैरनार बाईंचा मला अजून राग येतो. माणूस गाव सोडून गेलं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. सातपूरच्या त्या गल्लीतून स्कूटर नेताना त्यांच्या फाटकापाशी पाय आपोआप ब्रेकवर जातो. आधी राग येतो आणि रागाच्या पाठोपाठ लाज. ही दोघं जोडीनेच येतात, नवराबायको लग्नाला यावेत तशी.

बाईंची बालवाडी कामगार वसाहतीतल्या एका रो-हाउसच्या तळमजल्यावर होती. पुढे चार फरशांचा ओटा, त्याला लोखंडी फाटक, आत दोन खोल्या. बाई ठेंगण्या, रुंद. पदर कायम खोचलेला आणि पायात पुरुषी सँडल. त्या मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी शुद्ध पुस्तकी बोलत, पण चिडल्या की अहिराणी उसळून वर येई. "काय करी ऱ्हायना रे तू!" हे वाक्य ऐकलं की पोरं तर पोरं, फाटकाबाहेर उभे असलेले बापही खिशातले हात बाहेर काढत.

नवरा कारखान्यातून रिटायर होऊन सटाण्याला शेती बघायला गेला होता आणि बाई शाळेसाठी इथे राहिल्या होत्या. कुणी खोचक विचारलं, "काय बाई, साहेब तिकडे, तुम्ही इकडे?" तर म्हणत, "भांडण नाही हो, बदली आहे. त्यांची तिकडे झाली, माझी इकडे." विचारणारा हसून पुढे जायचा. मला मात्र हे उत्तर आवडत नसे. का आवडत नसे ते पुढे येईलच.

मी जुन्या मशिनरीचा व्यापारी. बंद पडलेल्या कारखान्यांतून लेथ, ड्रिल, प्रेस उचलायचे, ठाकठीक करायचे आणि विकायचे. याच सातपूरला एका वर्कशॉपमध्ये झाडू मारण्यापासून सुरुवात केली. आज गंगापूर रोडला घर आहे. शिक्षण कमी, आवाज मोठा. आवाज चढवला की समोरचा खाली उतरतो, हे मी तरुणपणीच शिकलो आणि नंतर दुसरं काही शिकायची गरज पडली नाही. निदान मला तसं वाटायचं.

माझी नात सई बाईंकडे जूनपासून जात होती. तिला सोडायला-आणायला माझी बायको कुसुम जायची. दिवाळीत कुसुमचा गुडघा बसला आणि मुलाची पहिली शिफ्ट, म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यावर ते काम माझ्याकडे आलं. म्हटलं, पोर आत टाकायची आणि गोदामावर जायचं, त्यात काय.

शाळा उघडली त्या सकाळी फाटकापाशी नुसता कल्लोळ होता. थंडी पडलेली. नाशिकची थंडी म्हणजे मोठ्यांनाही पांघरूण सोडवत नाही, आणि ही तर सुट्टीभर उशिरा उठलेली, मामाच्या गावी लाडावलेली, हातात लाडू घेऊन फिरलेली पोरं. कुणी फाटकाची सळई धरलेली, कुणी आईची ओढणी. आया पोराचं बोट बाईंच्या हातात देत, "आलेच हं सोन्या" म्हणत आणि पाठ फिरवून सटकत. मीही तेच केलं. सईला म्हणालो, "आलोच हं बेटा." आणि स्कूटरला किक मारली.

गाडी पुढे जाईना. वळून पाहिलं तर बाईंनी मागून कॅरिअर धरलेला.

"ओ आजोबा, कुठे?"

"गोदामावर."

"नातीला काय सांगितलंत?"

"आलोच म्हणालो."

"मग या."

"म्हणजे?"

"आलोच म्हणालात ना? मग या आत. ती दाराकडे बघत उभी आहे."

मला वाटलं बाई थट्टा करताहेत. पण कॅरिअर सुटेना. "अहो, बोलायची पद्धत असते ती," मी म्हणालो.

"मोठ्यांची. तिच्या लेखी आलोच म्हणजे आत्ता. हा दिवसभर दाराकडे बघत बसायचा खेळ मला माझ्या शाळेत नको. आत जा आणि तिला सांगा, मी जातो."

"सकाळी सकाळी जातो म्हणायला लावता? मरणाचं बोलणं झालं ते. आमच्यात म्हणत नाहीत."

"आमच्यातही म्हणत नाहीत. पण तुम्ही जाताय ना?"

"मग 'येतो' म्हणतो."

"येतो म्हटलं तर ती म्हणेल, या. आणि तुम्ही निघालात उलट्या दिशेला."

आता आजूबाजूच्या आया थांबल्या होत्या. मला घाम फुटला. पण सौदा म्हटला की माझं डोकं चालतं. मी म्हणालो, "बरं, तुमचं नको, माझं नको. 'जाऊन येतो' घ्या."

बाईंनी मान वाकडी करून शब्द तपासला. बाजारात कोथिंबिरीची जुडी उलटून बघतात तसा. "चालेल," त्या म्हणाल्या. "पण जाऊन कधी येता, ते जोडा."

"दुपारी."

"दुपार तिला दिसत नाही. डबा दिसतो."

शेवटी मी फाटकातून आत गेलो, वाकलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "सई, मी जाऊन येतो. तुझा डबा झाला, मग बाईंची गोष्ट झाली, की येतो." सईने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. मागून एक आई म्हणाली, "बाईंनी आप्पांचा भाव पाडला गं." हशा झाला. मोठमोठ्या कारखान्यांच्या मॅनेजरांना घाम फोडलेला माणूस मी, त्या हशातून मान खाली घालून स्कूटरपर्यंत गेलो.

तेव्हापासून मी बाईंवर डूख धरून होतो. डूख धरला की माणूस बारकाईने पाहतो. म्हणूनच बाई मला इतक्या पाठ आहेत.

सुट्टी संपायच्या आधीपासूनच पालकांच्या ग्रुपवर त्यांचे आवाजी निरोप सुरू होत. सुरुवातीला खाकरणं, मागे कुकरची शिट्टी, मग फर्मान: "नमस्कार. फराळाचे डबे आता वरच्या फळीवर ठेवा. सकाळी पोराच्या हातात चकली द्यायची नाही. आजपासून दिवे लवकर घालवा. पोरं झोपतात की नाही बघू नका, तुम्ही झोपा." त्यात मधेच दूधवाल्याशी बोलणंही रेकॉर्ड झालेलं असे आणि ते त्या पुसत नसत.

कुणी तक्रार केली, की बाई, सुट्टीआधी पोरगा सुरळीत होता, आता का रडतो, तर त्या बापाकडे वळत. "तुमची शिफ्ट बदलते ना? रात्रपाळीवरून पहिलीला आलात की किती दिवस डोकं धरून बसता? तुम्ही मिशीवाले. हे पोर. याची शिफ्ट बदलली आहे, जरा दमानं घ्या." सातपूरच्या बापांना हे लगेच कळे. मान हलवत जात.

पहिला आठवडा त्या काही शिकवत नसत. फक्त क्रम. चपला काढायच्या, पिशवी आपल्या खुंटीला अडकवायची, पाणी प्यायचं, गाणं म्हणायचं. रोज तेच, त्याच क्रमाने. गाणं बाई स्वतः म्हणत आणि अत्यंत बेसूर म्हणत. प्रत्येक खुंटीखाली एक चित्र होतं. सईचं द्राक्षाचा घड.

पोरांना सुट्टीतली एक वस्तू आणायची मुभा होती. बहुतेक जण दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणत. किल्ला मोडल्याचं दुःख पोरांना किती असतं ते मला बाईंच्या खिडकीत कळलं. तिथे मावळ्यांची रांग लागे. कुणाचा हात तुटलेला, कुणाची ढाल गेलेली. ज्या पोराला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने आपला मावळा घरी न्यायचा. बाई विचारत नसत. "तो गेला की पोर आलं," एवढंच म्हणत.

एक मुलगा फटाक्यांना इतका भ्यालेला, की वर्गात आला तो थेट टेबलाखाली. बाईंनी त्याला ओढलं नाही. आपला पाट टेबलाला लावला आणि वाकून त्याच्या उंचीवर गाणं सुरू केलं. दोन दिवसांत अर्धा वर्ग टेबलाखाली. एक आई भांडायला आली, "माझी घरी पण जेवायला टेबलाखाली बसते!" बाई म्हणाल्या, "जेवते ना? मग तुम्हीपण बसा, उबदार असतं."

एक बाप पोराला गप्प करायला फाटकातच मोबाइल द्यायचा. बाईंनी एकदा तो मोबाइल पोराच्या हातातून घेतला, बापाच्या हातात दिला, त्याला ओट्यावर बसवला आणि म्हणाल्या, "तुम्हाला सोडवत नाहीये ना? बघा निवांत. पोराला मी आत घेते." बाप कार्टून बघत बसला. पोर दारातून बापाला हसत होतं.

पण त्या नेहमी बरोबरच असत असंही नाही. हट्टी होत्या. एकदा माझी वर्कशॉपची बोलणी लांबली. समोरचा माणूस उठतो म्हणायचा आणि उठायचा नाही, मी सोडतो म्हणायचो आणि सोडायचो नाही. सईला आणायला मी माझा मेकॅनिक पाठवला. त्याला बाईंनी परत पाठवला. "आजोबा येतो म्हणालेत, आजोबाच येतील." पोरगी तापली असती, पडली असती, तरी त्यांनी हेच केलं असतं का? मी भांडायचं ठरवूनच गेलो. सगळी शाळा रिकामी. ओट्यावर सई आणि बाई. बाईंचा घसा बसलेला. त्या म्हशीची गोष्ट सांगत होत्या.

ती गोष्ट मला ठाऊक होती, रोज तीच असे. म्हैस सटाण्याच्या बाजाराला जाते आणि परत येते, संपली. त्या दिवशी म्हैस मनमाडला जाऊन आली होती, नांदगावला तिने शिंगाला फुगा बांधला होता, आणि मी पोचलो तेव्हा ती धुळ्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळवण्यासाठी कंडक्टरशी भांडत होती.

"आले बघ आप्पा," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आणि म्हैस घरी आली. संपली गोष्ट."

मी तोंड उघडलं. बाई हळूच म्हणाल्या, "गोष्ट झाली की येतो म्हणाला होतात. ती संपवली असती तर तुम्ही खोटे पडला असतात." आणि पाणी प्यायला आत गेल्या.

भांडण तोंडात आणलेलं होतं. ते गिळावं लागलं. मी उशीर केला होता आणि बाईने घसा फोडून माझा शब्द राखला होता. स्कूटरवर सई पुढे उभी राहून म्हशीबद्दल बोलत राहिली. मी हं हं करत राहिलो.

हळूहळू बाकीची पोरं रुळली. खिडकीतले मावळे एकेक करून घरी गेले. राहिली ती आमची सई. ती रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. पण पायातले बूट काढत नव्हती आणि पाठीवरची पिशवी उतरवत नव्हती. गाणं म्हणायची ते पिशवी घेऊन, डबा खायची तो पिशवी घेऊन, आणि जागा धरायची ती दारापाशी. द्राक्षाच्या घडावरची खुंटी रिकामी. दुसऱ्या एका मुलाने तिथे टोपी अडकवली तर बाईंनी ती काढली. "ती सईची आहे. रिकामी राहू दे."

मी माझ्या पद्धतीने उपाय केले. नवी पिशवी घेतली, नवे बूट घेतले. ते तिने घातले आणि तेही काढले नाहीत. मी बाईंना विचारलं, "हे किती दिवस चालणार? अंदाज सांगा काहीतरी."

"पोर शे ती, मशीन नही शे," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या चिडलेल्या होत्या. माझ्यावर नाही, स्वतःवर. त्यांना कारण सापडत नव्हतं.

ते एका सकाळी फाटकात सापडलं. आयांची गर्दी होती. बाईंनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "घरी अजून कुणी तिला 'आलोच' म्हणतं का हो?"

"छे," मी म्हणालो. "आता कोण म्हणतंय?"

सई माझं बोट धरून उभी होती. ती म्हणाली, "आप्पा म्हणतात ना. आई आलीच. रोज म्हणतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आई कुठे असते हिची?"

"ट्रेनिंगला गेली आहे," मी म्हणालो. सगळ्यांना मी हेच सांगत होतो.

"ट्रेनिंगला नाही काही," सई म्हणाली. तिला चूक दुरुस्त करायची सवय बाईंनीच लावली होती. "आई पुण्याला राहते. मी सुट्टीत गेले होते. आप्पा आईला म्हणाले..." आणि तिने बोट उगारलं, भुवया चढवल्या, आणि तिच्या एवढ्याशा गळ्यातून माझा आवाज काढला: "'गेलीस तर परत माझा उंबरा चढायचा नाही!'"

हुबेहूब. बोटसुद्धा माझ्यासारखं थरथरत होतं.

एक आई आपल्या पोराच्या स्वेटरचं बटण लावू लागली, लागलेलंच पुन्हा. मला जे येतं तेच मी केलं. ओरडलो. "शाळा चालवता का कोर्ट? पोरीला काढून घेतो मी! आत्ताच्या आत्ता!"

"न्या," बाई म्हणाल्या. "पण तिला सांगून न्या. कुठे नेता आणि कशासाठी."

मी सईकडे पाहिलं. बाईंनी माझा दंड धरला, आत ओढला, आणि फाटक बाहेरच्यांच्या तोंडावर लावून घेतलं. पोरांची इवलीशी खुर्ची पुढे सरकवली. "आठे बठा."

मी बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते. समोर दारापाशी सई, पाठीवर पिशवी घेऊन, सरळ बसलेली.

"मला आत्ता कळलं," बाई म्हणाल्या. "ती पिशवी कशाला काढेल? आई आलीच आहे. आली तर लगेच निघता यायला नको?"

मी माझी बाजू मांडली. ती आजही माझी बाजू आहे. सून कल्याणी हुशार, मी तिला घरात कशाला कमी पडू दिलं नाही. पावसाळ्यात तिला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. मी म्हणालो, इथे काय कमी आहे? माझा मुलगा गप्प, तो नेहमीच गप्प. ती म्हणाली, वर्षभर करते, जागा मिळाली की सईला नेते. मला न विचारता ठरवलं तिने. लोक म्हणणार, आप्पांची सून पळाली. मग मी ते उंबऱ्याचं बोललो. ती गेली. आता चूक कुणाची?

बाईंनी सगळं ऐकलं. मला वाटलं, त्या सुनेची बाजू घेतील. त्याला मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्या म्हणाल्या, "असेल तुमचं खरं. त्यातलं मला कळत नाही. मला फक्त कधी ते सांगा."

"काय कधी?"

"आई कधी येणार?"

"मला काय माहीत!"

"मग विचारा."

"मे महिन्याच्या सुट्टीत बघू."

"मे महिना तिला दिसत नाही."

"मी फोन करणार नाही. ती गेली, तिने करावा."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग सईला सांगा, आई कधी येणार ते आप्पा विचारणार नाहीत. खरं ते सांगा. त्यावरही पोर रुळतं. 'आलीच'वर नाही रुळत."

भाव करायला जागाच ठेवली नाही बाईने. मी उठलो. उठताना ती खुर्ची माझ्या कमरेला अडकून वर आली, पोरं खदखदून हसली, सईसुद्धा. तेवढ्या लाजेतही मी तिला, "जाऊन येतो. डबा झाला, गोष्ट झाली, की येतो," असं म्हणालो.

गोदामात प्रेस चालू होता, त्याच्या आवाजाच्या आडोशाला मी फोन लावला. कल्याणीने पहिल्याच रिंगला उचलला.

"आप्पा? सईला काय झालं?"

माझा फोन म्हणजे पोरीला काहीतरी झालं असणार, याशिवाय तिला दुसरं सुचलंच नाही. लाज वाटायला तेवढं पुरेसं होतं.

"काही नाही. बरी आहे. तू... कधी येणार तू?"

तिने विचारलं, "येऊ का?"

म्हणजे ती थांबली होती. मी बोललेल्या एका वाक्यावर ही मुलगी इतके महिने थांबून राहिली होती आणि मी घरात 'आलीच आलीच' करत होतो.

तेव्हा मी 'घरी ये' म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण मी म्हणालो, "शनिवारी ये. बाईंच्या शाळेत. ते तुला सोयीचं पडेल."

"घरी नको?"

"शाळाच बरी."

उंबऱ्याचा शब्द मी राखला. फोन ठेवल्यावर सौदा जिंकल्यासारखं वाटलं, मग तोंड कडू झालं.

सईला बाईंनीच सांगितलं. शनिवारी शाळेत सगळ्यांच्या डब्यात पोहे असायचे. "पोह्यांच्या दिवशी आई येणार. पोहे खाऊन झाले की दारात. संध्याकाळी ती पुण्याला जाणार." सईने विचारलं, "आलीच?" "नाही. पोह्यांच्या दिवशी."

कल्याणी आली. पण लगेच पिशवी उतरली नाही. लहान पोरंही माल पारखून घेतात. आई आली, संध्याकाळी सांगून गेली, पुढच्या पोह्यांना येते म्हणाली. त्यानंतरच्या सोमवारी मी सईला सोडून वळत होतो, तर बाईंनी माझी बाही ओढली. काही बोलल्या नाहीत, फक्त बोट दाखवलं. द्राक्षाच्या घडावर पिशवी लटकत होती. खाली बूट. एक उलटा पडलेला.

मी म्हणालो, "हं." एवढंच जमलं.

मग हिवाळाभर, पार उन्हाळा लागेपर्यंत हे चाललं. दर शनिवारी कल्याणीला जमायचं नाही. नाही जमलं तर ती आधी कळवायची आणि बाई सईला तसं सांगायच्या. मायलेकी बाईंच्या ओट्यावर बसत, तिथेच जेवत. माझा मुलगा शिफ्ट संपवून तिथे जाई, बायकोला भेटायला, दुसऱ्याच्या ओट्यावर. मी समोरच्या चहाच्या टपरीवर. कल्याणी लांबून नमस्कार करायची. मी मान हलवायचो. एकदा बाई रस्ता ओलांडून आल्या. "आजोबा, चहावाल्याला तुमची कीव येते हो. म्हणतो, पिऊन पिऊन पित्त होईल यांना."

"माझं मी बघतो."

"बघा. पण पोरगी विचारते, आप्पा तिकडे का बसतात? मी म्हटलं, त्यांची बदली झाली आहे."

त्यावर मला हसू आलं, ते मी कपात दडवलं.

एप्रिलअखेर शाळा संपली आणि कळलं की कायमचीच संपली. बाईंच्या नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं होतं, त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. बाईंनी घर सोडलं. शेवटचा दिवस शनिवार होता. दारात टेम्पो उभा होता. आया आल्या होत्या, कुणी श्रीफळ, कुणी साडी घेऊन. कल्याणीही होती. मी टपरीवरून उठून फाटकापर्यंत आलो होतो, त्याहून पुढे नाही. हमाल इवल्या खुर्च्या टेम्पोत चढवत होते आणि बाई त्यांच्यावर ओरडत होत्या.

सई त्यांच्या पदराला धरून म्हणाली, "बाई, परत कधी?"

मी घाईने पुढे झालो. म्हणणार होतो, येतील गं बाई, सटाणा काय लांब आहे. बाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, गप्प राहा असा. त्या खाली बसल्या. "मी नाही येणार, सई. मी आता सटाण्याला राहणार. तू मोठ्या शाळेत जाणार. तिथे दुसऱ्या बाई आहेत."

सईने त्यांच्याकडे बघितलं. मग तिने तोंड उघडलं आणि ती रडली. असं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, दिवाळीनंतरही नाही. बाईंनी तिला गप्प केलं नाही. खडीसाखर दिली नाही, पाखरू दाखवलं नाही. तिचं रडून होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिल्या. मग नाक पुसलं, तिला कल्याणीच्या कडेवर दिलं आणि टेम्पोत चढल्या. मला काहीच म्हणाल्या नाहीत. मी उपदेशाची वाट बघत होतो. तो केला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

टेम्पो सुरू झाला. बाई ड्रायव्हरला दोरी सैल असल्याबद्दल अहिराणीत झापत होत्या. कल्याणी सईला थोपटत माझ्याजवळ आली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा इतक्या जवळ.

"आप्पा," ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी हिला भेटायला कुठे येऊ?"

दोघीही माझ्याकडे बघत होत्या. पोरीचे डोळे सुजलेले. बाकीच्या आयाही बघत होत्या. त्याच, ज्यांनी माझा आवाज तिच्या तोंडून ऐकला होता.

"घरी," मी म्हणालो.

टेम्पोच्या इंजिनात ते बुडालं. "कुठे?" तिने विचारलं.

मला ते पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. "घरी. घरी ये. आत्ता चल."

मी वर पाहिलं तेव्हा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळत होता. मागे पाय वर केलेल्या खुर्च्या, आणि पुढच्या खिडकीतून बाहेर आलेलं बाईंचं कोपर. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. त्या वळून बघत नव्हत्या. ड्रायव्हरशी त्यांचं अजून चालूच होतं.